त्या फोटोबद्दल

बोझमन, मोंटाना
२१ सप्टेंबर

ती. बाबा व सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे व जेवण वेळेवर होते. मागचा फोटो पाहून मी शिकारीला जाऊ लागलो की काय, असे आईने फोनवर विचारले, म्हणून हे सविस्तर लिहितो. कमरेला लटकलेला तो डबा म्हणजे मिरचीचा फवारा आहे. इथल्या डोंगरात अस्वले असल्यामुळे तो जवळ बाळगतात, आणि आजवर तो वापरण्याची वेळ आलेली नाही. माझ्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, आणि आजीच्या गळ्यातली माळ मी विसरलेलो नाही. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याबरोबर मी फक्त त्यांच्या शिकारीची जागा पाहायला गेलो होतो.

हे जागा पाहणे तुम्हाला चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली आणि जंगल म्हटले की वनखात्याचे फाटक आठवते. इथे मात्र सरकारी जंगलात कोणीही पायी हिंडू शकतो. बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो आणि जेमतेम पाच आठवडे चालतो. पण त्यासाठी ही माणसे उन्हाळ्यापासून डोंगर तुडवतात. आधी नकाशा पाहतात, कारण १८६४ च्या सनदेने रेल्वे कंपनीला एकआड एक चौरस मैलाचे तुकडे मिळाले होते, आणि त्यामुळे आजही काही भागांत सरकारी व खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली आहे. दोन सरकारी चौकोन कोपऱ्याला चिकटलेले असले, तरी तो कोपरा ओलांडून जाणे इथले वन्यजीव खाते बेकायदा मानते. मग रस्त्यापासून मैल-दोन मैल आत जातात, कारण माणसांची वर्दळ वाढली की एल्क, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठे हरीण, आत सरकते. ताज्या लेंड्या, चिखलात लोळल्याच्या जागा, खोडांवर शिंगे घासल्याच्या खुणा, उत्तरेकडच्या उतारावरची दाट सावली, हे सर्व पाहून मगच जागा ठरते. आणि एवढ्या कष्टाने सापडलेली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत! फोटो काढताना मागचा सुळका दिसू नये म्हणून सहकाऱ्यांनी मला दोनदा वळवून उभे केले, त्यामुळे त्या फोटोत नुसते गवत दिसते.

पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते आणि ऊन चढले की वर जाऊ लागते, म्हणून जनावराला आपला वास लागू नये यासाठी सकाळी त्याच्या खालच्या बाजूला राहावे, असे त्यांनी मला समजावले. तेव्हा, बाबा, मला तुमची जागल आठवली. मचाणावर बसण्याआधी चिमूटभर राख उडवून तुम्ही वारा पाहत होता, आणि त्या वेळी मी पांघरूण ओढून झोपून जात असे. आता धान लोंबीवर आले असेल आणि रानडुकरांसाठी तुम्ही एकटेच रात्र काढत असाल. मी सुट्टीच्या दिवशी हौसेने डोंगर चढतो, हे लिहिताना जड जाते.

म्हणून कालच पंचवीस हजार पाठवले आहेत. त्यातून शेताच्या कुंपणाला लावायचे झटका मशीन घ्यावे, धान विकल्यावर पाहू असे कृपया म्हणू नये. पट्ट्यात वाघ फिरत असताना तुम्ही रात्री शेतावर जाणे मला पटत नाही. इथल्या अस्वलांची काळजी करणाऱ्या आईनेही याचा विचार करावा. मनूच्या लग्नासाठी माघात दहाच दिवसांची रजा मिळेल, त्यामुळे दिवाळीला येणे जमणार नाही. मंडपाचा खर्च मी देतो, पाहुण्यांना तसे कळवावे. ब्रह्मपुरीच्या स्थळाला नकार देऊ नका, पण माझ्या वतीने होकारही देऊ नका. माघात आलो की मी स्वतः भेटेन.

आजीला नमस्कार, मनूला आशीर्वाद. मशीन बसले की लगेच फोन करावा.

आपला,
बंडू