चिंगी आता माझ्याकडेच

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण आई, तू एकदम गप्प होतेस आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. आपल्या चिंगी मांजरीला मी आठवडाभरासाठी नाही आणलेलं. डोळा बरा झाला तरी ती आता मनीषनगरलाच राहील.

रागावू नका. बुबुळावर जखम आहे. डॉक्टरांनी नारिंगी थेंब टाकून निळ्या उजेडात दाखवली, एवढासा हिरवा ठिपका चमकत होता. एक औषध दर 4 तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरं दिवसातून 2 वेळा, आणि दोन्हींत 5 मिनिटांचं अंतर. आईच्या गुडघ्यांना हे झेपणार आहे का? आणि बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असताना तुम्ही तिचा पंजा धरायला गेलात. ओरखडा केवढा, नि पंचा केवढा भिजला!

आई, बाबांच्या मोतीबिंदूचे उरलेले थेंब तू मायेनंच घातलेस गं. त्यात स्टेरॉइड होतं, जखमेवर ते चालत नाही. पण जखम त्या बोक्यानं केली, तू नाही. पुष्कळ जण असंच करतात, डॉक्टरच म्हणाले. रात्री उठून तेच आठवत बसू नको.

पहिल्या दिवशी मीही घाबरले. थेंब पडला आणि तिच्या तोंडाला साबणासारखा फेस! रडतच दवाखान्यात फोन लावला. ते औषध कडू असतं म्हणे, डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात उतरतं. 2 मिनिटांत लाळ थांबली आणि बाईसाहेब कपाटाखाली.

आता जमतं. टॉवेलात गुंडाळून पाठमोरी गुडघ्यांत धरते, हात मागून आणते, बाटली दिसूच देत नाही. चौथीत माझे डोळे आले होते तेव्हा बाबांनी माझं डोकं असंच धरलं होतं ना? आणि आईच्या मुठीत खडीसाखर. चिंगीला खडीसाखरेच्या जागी उकडलेलं चिकन मिळतं. (बाबा, तुमच्या घरी शिजत नाही, इथे शिजतं. तिला काही त्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही.)

दिवसभर कूलरसमोर आईच्या जुन्या सुती साडीवर पडून असते. औषधानं एका डोळ्याची बाहुली मोठी, काळीभोर झालीय, दुसऱ्याची नुसती रेघ. उजेड टोचतो म्हणून पडदे लावून ठेवते.

आता ऐका. फ्रीजच्या दारातल्या डोळ्यांच्या सगळ्या उघड्या बाटल्या आजच फेका. बाबा, ओरखड्यासाठीचं गुरुवारचं इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि स्कूटर काढायची नाही, मी गाडी पाठवते. आई, कूलर पाइपनं भर, बादली उचलायची नाही.

आणि दूधवाल्याला चिंगीचं पाव लिटर बंद करायला सांगू नका. त्याचं दही लावा. रविवारी मेट्रोनं जयप्रकाश नगरला उतरा, मी घ्यायला येते. येताना तिची ती फुटक्या कडेची वाटी आणा, दुसरीत ती पाणीच पीत नाहीये.

तुमची,
बेबी