ब्लीडिंग हार्टची रोपं

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. ब्लीडिंग हार्ट पिवळं पडलं म्हणून किती घाबरलायस! मेलेलं नाही रे ते, झोपायला निघालंय. मूळचं सायबेरिया, कोरिया, उत्तर चीनकडचं झाड. ऊन तापलं की पानं टाकून जमिनीखाली जातं आणि थंडी सरली की पुन्हा वर येतं. आता काळजीपोटी खतपाणी वाढवू नकोस, रबरबीत मातीत मुळं कुजतात. पानं पूर्ण वाळू दे, मग काप. आणि जागेवर एक काठी रोवून ठेव, नाहीतर मोकळी जागा दिसली की तू तिथे कुदळ घालणारच!

रोपं करायला गड्डा फोडू का, असं विचारलंयस. फोडता येतो, पण जुन्या झुडपाला हात लावू नये असं माझं मत. मुळं जाड, पण इतकी ठिसूळ की उचलतानाच मोडतात, आणि हलवलेलं झाड रुसतं. त्यापेक्षा मुळांचेच तुकडे लाव. थंडीत झाड झोपलेलं असताना कडेची माती हलकेच उकर, पेन्सिलीएवढं जाड मूळ काढ आणि सात-आठ सेंटीमीटरचे तुकडे कर. झाडाकडचं टोक सरळ काप, दुसरं तिरकं, म्हणजे वर-खाली चुकत नाही. वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत तुकडे उभे खोच, वरचं टोक जेमतेम झाकलं जाईल एवढंच. कुंडी सावलीत, गारव्यात ठेव. ओल हवी, चिखल नको. हातमोजे घाल, रसाने काहींच्या अंगाला खाज सुटते. झाड सगळंच विषारी आहे, तेव्हा तुझ्या मोत्याला उकरलेल्या मुळांपासून लांब ठेव.

बियांचा नाद करायचा तर ताज्याच पेर, पाकिटातल्या वाळक्या बिया फार दगा देतात. शेंग उकलून बघ एकदा. काळ्या चकचकीत बीला पांढरा मऊ तुकडा चिकटलेला असतो. त्याच्या लोभाने मुंग्या बी ओढून नेतात, तुकडा खातात, बी टाकून देतात. म्हणून कधीकधी भलतीकडेच रोप उगवतं. बीला आधी ऊब, मग लांबलचक थंडी लागते, आणि फुलं यायला काही वर्षं. तुझ्यात तेवढा धीर नाही!

नवं घेणार असशील तर पाटी नीट वाच. पूर्वी याला डायसेंट्रा म्हणत, आता लॅम्प्रोकॅप्नॉस म्हणतात, पण पाट्यांवर जुनंच नाव सापडतं. डायसेंट्रा एक्झिमिया मात्र वेगळी. तिची पानं नेच्यासारखी, फुलं लहान, पण गारवा मिळाला तर उन्हाळाभर फुलते.

तुझ्या पांढऱ्या फुलांच्या झाडाचे दोन तुकडे माझ्यासाठी ठेव, ओल्या शेवाळात गुंडाळून पाठव. आणि वरचं टोक कुठलं ते दोरा बांधून कळव.

तुझा,
विन्या