जॅकी के मराठीत याव्यात

स्कॉटिश कवयित्री आणि कादंबरीकार जॅकी के यांचे लेखन मराठीत यायला हवे. १९६१ साली एडिनबरात जन्मलेल्या जॅकी यांची आई स्कॉटिश, वडील नायजेरियन; ग्लासगोच्या गोऱ्या कम्युनिस्ट दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. ‘द अडॉप्शन पेपर्स’ (१९९१) या संग्रहात मुलगी, जन्मदात्री आणि सांभाळणारी आई अशा तिघी आपापल्या आवाजात बोलतात, आणि कोणीच खलनायिका ठरत नाही. मला हे फार मोलाचे वाटते. पुढे ‘ट्रम्पेट’ ही कादंबरी गाजली. २०१६ ते २०२१ त्या स्कॉटलंडच्या राष्ट्रकवी होत्या. दत्तक मुलापासून खरे लपवणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्यासाठी तरी एखाद्या प्रकाशकाने हा अनुवाद मनावर घ्यावा.

– एक वाचक, सातारा