‘थंडीत काळजी घ्यावी’ म्हणजे नेमके काय करावे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की नाशिकच्या बहुतेक प्राथमिक शाळांच्या पालक-ग्रुपवर ठरलेली सूचना येते : ‘थंडी वाढली आहे. पाल्याला उबदार कपडे घालून पाठवावे व काळजी घ्यावी.’ खाली पंचवीस-तीस जोडलेले हात उमटतात आणि विषय संपतो. काळजी घ्यायची म्हणजे काय करायचे, ते कुणी लिहीत नाही. शाळांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे काही नेमके लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच. जागा थोडी जास्त लागेल, सांभाळून घ्यावे.

सुरुवात वेळेपासून. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली. जानेवारीत नाशिकला सूर्य उगवतो तोच सात-सव्वासातला, त्यामुळे ही सूचना इथल्या मुलांसाठी लाखमोलाची. पण वर्ग नऊचा असला तरी व्हॅनची फेरी साडेसातला सुरू होते आणि सगळ्यांत आधी बसणारे मूल सव्वा-दीड तास गाडीत कुडकुडते. फेरीचा क्रम दर महिन्याला उलटा केला तर हा त्रास एकाच मुलाच्या वाट्याला येत नाही. शाळेच्या परिवहन समितीने चालककाकांशी बोलून हे ठरवायला एक बैठक पुरते. व्हॅनची काच पूर्ण बंदही नको. दहा-बारा मुलांच्या श्वासाने काचा आतून धुरकटतात, चालक एका हाताने त्या पुसत गाडी चालवतो आणि एका मुलाची सर्दी आठवड्याभरात सगळ्यांना होते. मागची एक काच दोन बोटे उघडी राहू द्यावी.

दुचाकीवरून येणाऱ्या मुलांचे गणित निराळे. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ती थंडी ६ अंशांसारखी लागते. हँडल धरून पुढे उभे राहणारे मूल तो सगळा वारा छातीवर आणि कानांवर घेते. त्याला मागे, दोघांच्या मध्ये किंवा पट्ट्याने बांधून बसवावे. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचे आहे आणि कानटोपीवर घट्ट बसेल अशा मापाचे ते मिळते. जाड लोकरी टोपीवर हेल्मेट सैल बसते, म्हणून आत पातळ सुती टोपी घालावी.

मफलर मात्र लहान मुलांना देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोंबते टोक मागच्या चाकात, रिक्षाच्या दारात नाहीतर घसरगुंडीच्या कडीत अडकते आणि गळ्याला फास बसतो. आईच्या ओढणीचा धोका आपल्याला ठाऊक असतो, मुलाच्या मफलरचा लक्षात येत नाही. गळ्यापर्यंत येणारी माकडटोपी उत्तम. ‘मला चिडवतात’ अशी तक्रार आली तर उंच कॉलरचा स्वेटर द्यावा.

कपड्यांबाबत एक जाड जर्किन घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आत घाम टिपणारा सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर. लोकर थेट अंगाला लागली की मानेवर आणि मनगटावर खाज सुटते, मग मूल स्वेटर काढून दप्तरात कोंबते. नाशिकची थंडी मुळात पहाटेची. सकाळी आठला दहा-अकरा अंश आणि दुपारी दोनला अठ्ठावीस, असा फरक इथे नेहमीचा. डबा खायच्या सुट्टीनंतर स्वेटर उतरणारच, त्यामुळे मुलाला तो स्वतः काढता, घडी घालता आणि परत घालता आला पाहिजे. पहिलीच्या मुलाला चेन लावता येत नसेल तर मोठ्या बटणांचा घ्यावा. नाव मार्करने लिहिले तर दोन धुण्यांत जाते. कॉलरच्या आतल्या पट्टीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने नाव आणि तुकडी टाचावी, पाच मिनिटांचे काम आहे. फेब्रुवारीत प्रत्येक शाळेच्या कार्यालयात बेवारस स्वेटरांचे गाठोडे साठते आणि त्यातले बहुतेक एकाच निळ्या रंगाचे असतात.

या निळ्या रंगाबद्दलही बोलायला हवे. गणवेशाच्याच रंगाचा स्वेटर हवा, हा हट्ट शाळांनी डिसेंबर-जानेवारीत सोडावा. घरात मोठ्या भावंडाचा लाल स्वेटर धडधाकट असताना ‘शाळेत चालत नाही’ म्हणून मूल नुसत्या शर्टात येते, याला शिस्त म्हणता येत नाही. परिपाठही मैदानाच्या उन्हाच्या बाजूला, ऊन पाठीवर येईल असा घ्यावा. जिथे मुले जमिनीवर बसतात तिथे शहाबादी फरशीवर एकेरी बस्कर पुरत नाही, खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी हवी. वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेऊ नयेत, वरची झडप उघडी असावी. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. कोरड्या हवेत उडालेली धूळ आणि खडूची भुकटी दम्याच्या मुलाला पहिल्या तासालाच त्रास देते. अशा मुलाचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दप्तराच्या तळाशी नको. नाव लिहून तो वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात ठेवावा, आणि तो कसा वापरायचा हे पालकांनी बाईंना एकदा प्रत्यक्ष दाखवावे. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकच फवारा, मग मुलाने पाच-सहा संथ श्वास घ्यायचे, दुसरा फवारा त्यानंतर. दोन फवारे एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटते. मखमलाबाद, आडगावच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात. बाग थंडीपासून वाचवायची असते, त्याला इलाज नाही, पण धूर जमिनीलगत नऊपर्यंत रेंगाळतो. त्या भागातल्या शाळांनी अशा दिवशी पळण्याचा तास दुपारी घ्यावा.

आता आजारपण. मुलाला घरी कधी ठेवायचे, यावरून दर हिवाळ्यात वाद होतात. नुसते नाक वाहत असेल आणि मूल खेळत-खात असेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर घरी ठेवावे, आणि औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच पाठवावे. सकाळी औषध पाजून ताप उतरवायचा आणि शाळेत सोडायचे, यात अकराच्या सुमारास ताप परत चढतो, तोवर शेजारचे तिघे बाधित झालेले असतात. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. उलट्या-जुलाबांत शेवटच्या त्रासानंतर दोन दिवस. एवढ्या रजेसाठी हजेरीच्या बक्षिसातून मूल बाद होऊ नये, ही शाळांना विनंती. शंभर टक्के हजेरीच्या चषकापायी तापातली मुले वर्गात येतात.

तापाच्या औषधात सर्वांत मोठी चूक चमच्याची होते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध मुख्यतः दोन ताकदींत मिळते : ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५०. मात्रा वयावर ठरत नाही, ती वजनावर ठरते, दर किलोला १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेबारा मिलिलिटर आणि दुसरीतून फक्त सहा. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले की मात्रा दुप्पट होते किंवा अर्धी पडते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, दिवसभरात चारच्या वर नाही. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, बाटलीबरोबरचे मापाचे टोपण किंवा सुईविना सिरिंज घ्यावी. ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नये. खोकल्याच्या औषधांबाबत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत आणि पाचखालीही सहसा देऊ नयेत. धाकट्याला थोरल्याची उरलेली बाटली पाजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा चमचा मध कोमट पाण्यातून द्यावा, घशाला आराम पडतो.

पाण्याचा विषय छोटा, पण दुर्लक्षित. थंडीत तहान लागत नाही, त्यात शाळेचे स्वच्छतागृह थंडगार, म्हणून मुली विशेषतः पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेलीच घरी परत येते. परिणाम म्हणजे बद्धकोष्ठता आणि लघवीची जळजळ. बाटलीत कोमट पाणी द्यावे, आणि शाळेने दोन तासिकांमागे एकदा सगळ्या वर्गाला एकत्र घोटभर पाणी प्यायला लावावे.

डब्यात गरम खिचडी द्यायची तर उष्णता टिकवणारा स्टीलचा डबा आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटे झाकून ठेवावा, पाणी ओतून मग वाफाळता भात भरावा. थंड डब्यात गरम भात घातला तर तो अकरापर्यंत कोमट होतो, आणि कोमट भात चार तासांत बिघडू शकतो. त्यापेक्षा भोगीच्या दिवसांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी गार खाल्ली तरी चालते. आपल्याकडे द्राक्षे मुबलक. पाचखालच्या मुलांना ती उभी चिरूनच द्यावीत, अख्खे द्राक्ष नेमके श्वासनलिकेत बसते.

सर्वांत जास्त काळजी मात्र घरातल्या बाथरूमची करायची असते, आणि शाळेच्या सूचनेत ती कधीच नसते. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद, दाराला कडी, आत गॅस गीझर चालू. जळणारा गॅस आतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पाय लटपटतात. तोवर कडी काढायचेही त्राण उरत नाही, मुलात तर नाहीच. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये बसवावा. आत असेलच तर आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खिडकी उघडून दोन मिनिटे थांबावे, मगच मुलाला आत पाठवावे. कडी लावू देऊ नये. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली, काजळी धरू लागली तर बर्नर साफ करून घेईपर्यंत गीझर वापरू नये. मूल गुंगलेले दिसले तर ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे.

पाणी तापवायचा रॉड वापरणाऱ्यांनी बटण बंद करून, प्लग काढूनच बादलीला हात लावावा. बादलीत आधी गार पाणी, मग कढत ओतावे. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये.

संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस नायलॉन मांजाचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती मांजा ताणला की तुटतो, नायलॉनचा तुटत नाही, चालत्या दुचाकीवर तो गळा कापतो. येवल्यात तीन दिवस आसारीवर (मांजा गुंडाळायच्या फिरकीवर) पतंग उडतात, तो आनंद सुती मांजानेही तेवढाच मिळतो. वर्गात दोन्ही दोरे आणून एकेक ताणून दाखवले तर दुसरीचे मूलही समजते. कापलेला दोरा रस्त्यावर दिसला तर तो गुंडाळून कचऱ्यात टाकावा, विजेच्या तारेवर अडकलेला पतंग काठीने काढू नये.

आणि २६ जानेवारी. ध्वजवंदनाला पांढरे शुभ्र गणवेश एकसारखे दिसावेत म्हणून सकाळी सात-साडेसातला स्वेटर काढून मुलांना रांगेत अर्धा-पाऊण तास उभे करतात. कवायतीच्या मुलांना तर त्याआधी आठवडाभर सरावासाठी. शाळेने ‘शर्टाच्या आत पूर्ण बाह्यांचा पांढरा थर्मल किंवा जुना टी-शर्ट, चड्डीऐवजी लांब पँट, पांढरे मोजे’ एवढे आठ दिवस आधी कळवले तर छायाचित्रही बिघडणार नाही. पाहुण्यांची भाषणे झेंड्यानंतर दहा मिनिटांत आटोपावीत, आणि मुलांना ती बसून ऐकू द्यावीत.

कळावे,
प्राथमिक शाळांतील काही शिक्षक व पालक, नाशिक