हेन्री फ्लेमिंगची जखम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला स्टीफन क्रेनच्या 'द रेड बॅज ऑफ करेज' (१८९५) या कादंबरीवरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण 'भित्रा पोरगा एका लढाईत शूर शिपाई होतो' हे कादंबरीचे सार मात्र पटले नाही. गाइडांतही हेच छापतात आणि मुले पेपरात तेच उतरवून मोकळी होतात.

अमेरिकन यादवी युद्धातला हा कोवळा शिपाई हेन्री पहिल्या हल्ल्यात टिकतो, दुसऱ्यात बंदूक टाकून धूम ठोकतो. पुढे त्याच्या डोक्याला खोक पडते, तीही आपल्याच बाजूच्या एका पळणाऱ्या शिपायाच्या बंदुकीच्या दस्त्याने! छावणीत परतल्यावर तो ती गोळीची जखम म्हणून खपवतो. सोबती मायेने पट्टी बांधतात. दुसऱ्या दिवशी तो निशाण हाती घेऊन खरोखरच शौर्याने लढतो, पण ती थाप शेवटपर्यंत उघड होत नाही. त्याहून बोचते ती फाटक्या कपड्यांतल्या जखमी शिपायाची गोष्ट. 'तुला कुठं लागलंय?' असे आपुलकीने विचारणाऱ्या, मरणाच्या दारातल्या त्या माणसाला हेन्री शेतात भरकटत सोडून निघून जातो. शेवटच्या प्रकरणात ही आठवण त्याला छळते खरी, पण थोडा वेळच. मग तो ती झटकून टाकतो आणि स्वतःला पुरुष समजू लागतो. क्रेन इथे त्याची पाठ थोपटतो आहे की त्याला चिमटा काढतो आहे? वर्गात वाद रंगावा तो यावर. तिथे आपण निशाणाचा आणि लाल सूर्याचा 'प्रतीकार्थ' लिहून देत बसतो.

युद्ध १८६५ मध्ये संपले, क्रेन जन्मला १८७१ मध्ये. शौर्यगाथा लिहायला जुन्या सैनिकांच्या आठवणी त्याला पुरल्या असत्या. त्या वाचून त्याची तक्रार अशी, की ही मंडळी काय केले ते सांगतात, काय वाटले ते सांगत नाहीत.

शिकवणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. १८९६ मध्ये क्रेनने 'द व्हेटरन' ही छोटी कथा लिहिली. तीत म्हातारा हेन्री दुकानात चार लोकांसमोर, नातवादेखत, 'मी पळालो होतो' असे हसत सांगतो. कादंबरीत कुठेही नसलेले चॅन्सलर्सव्हिल हे रणभूमीचे नावही तिथेच येते. एका तासात वाचून होणारी ही कथा कादंबरीला जोडून शिकवावी, आणि नातवाचा चेहरा का उतरतो हे मुलांनाच विचारावे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा