हिंगणा रोडच्या बॅटरीवाल्या भाऊंना मनापासून थँक्यू

भाऊ, नमस्कार.

नाव टाकू नका असं तुम्ही सांगितलं म्हणून टाकत नाही, पण नागपुरात ज्यांच्या ई-रिक्षाच्या बॅटऱ्या तुमच्या हातून गेल्या आहेत ते ओळखतीलच. त्या दिवशी पैसे दिले आणि निघालो, धड बोलणंच झालं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

आमची प्रियस, म्हणजे टोयोटाची हायब्रिड गाडी, पेट्रोलचं इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हीवर चालणारी, २०१० च्या मॉडेलची, सेकंडहँड घेतलेली. आईला दर महिन्याला सेवाग्रामला दाखवायला न्यावं लागते आणि तिला त्याच गाडीत बरं वाटते, मागे पाय पसरता येतात. गाडीचा धोक्याचा लाल त्रिकोण डॅशबोर्डवर लागायला लागला, बॅटरीच्या कांड्या पाच मिनिटांत फुल आणि पाच मिनिटांत खाली, बॅटरी थंड करणारा मागचा फॅन घोंघावून राहिला, इंजिन बंदच होईना. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, कोड निघाला पी-झिरो-ए-एटी, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला, आणि जो आकडा सांगितला तो गाडीच्या बाजारभावाच्या वर होता. सरळ भंगारात द्या म्हणाले.

तुम्ही मात्र आधी पॅक उघडून दाखवला. २८ मॉड्यूल, प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल म्हणजे ७.२ व्होल्ट, सगळे सिरीजमध्ये, एकूण २०१.६ व्होल्ट. प्रत्येकावर लोड टाकून व्होल्टेज किती खाली येते ते मला शेजारी बसवून वहीत लिहायला लावलं. मधले काही एकदम बसत होते, तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला होता. मी म्हटलं जे खराब ते बदलून द्या, पैसेही कमी लागतील. तुम्ही नाही म्हणाले. दिंडीत एक लंगडला की सगळ्यांना त्याच्या चालीनं चालावं लागते, आणि हे सगळे एकाच वयाचे, आज हा बदलला की उद्या शेजारचा जाईल, तुम्ही दर वेळी माझ्याकडे याल आणि दर वेळी मी पैसे घेईन, ते मला करायचं नाही. भाऊ, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुमची तर त्यात कमाईच होती!

मग जुन्या निकेलवाल्या पॅकच्या जागी पूर्ण लिथियमचा घालायचं ठरलं तेव्हा मीच ई-रिक्षाचे स्वस्तवाले सेल सुचवले, तुमच्याकडे रॅकवर पडलेच होते. त्यालाही नाही. ई-रिक्षा बॅटरीतून सावकाश करंट ओढते, पण ही गाडी ६.५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या छोट्याशा पॅकमधून पिकअपच्या वेळी २७ किलोवॅट मागते, २०० व्होल्टला म्हणजे सव्वाशेच्या वर अँपिअर, काही सेकंदांसाठी का होईना. साधा सेल तिथे तापून फुगेल. एकदम जास्त करंट देऊ शकणारे हाय-डिस्चार्जचेच एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल पाहिजे म्हणून तुम्ही ते मागवले, यायला वेळ लागला, मी रोज फोन करायचो आणि तुम्ही एकदाही चिडले नाही.

तेव्हा समजावलेलं गणित इथे लिहूनच ठेवतो, कोणाच्या कामी येईल. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक धरून १४ ब्लॉकचं व्होल्टेज बघतो. जुना ब्लॉक हिशोबानं १४.४ व्होल्टचा असला तरी चालत्या गाडीत १६ च्या आसपास असतो, एलएफपीचा सेल ३.२ चा, मग ५ सेल घातले की बरोबर १६, म्हणजे सगळे मिळून ७० सेल. पण निकेलवाल्या बॅटरीला थोडं जास्त चार्जिंग झालं तर ती उष्णता करून सोडून देते आणि मागे राहिलेले सेल तेवढ्यात बरोबरीला येतात, लिथियमला ते सहन होत नाही, आणि कॉम्प्युटरला तर ब्लॉकच्या आतला एकेक सेल दिसतच नाही. म्हणून प्रत्येक ब्लॉकला बॅलन्स बोर्ड, म्हणजे आतले सेल एकसारखे ठेवणारं सर्किट. तो खर्च वाचवू का असं मी विचारलं नाही, तुम्ही विचारूही दिलं नसतं.

घरी येऊन मी वाचत बसलो तर कळलं, प्रियस जपानमध्ये १९९७ ला विकायला आली आणि एलएफपीचा पेपरही १९९७ चाच, अमेरिकेत टेक्सासला जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या लॅबमधला, त्यात पाढी आणि नंजुंदस्वामी ही आपली नावं. गुडइनफना २०१९ ला नोबेल मिळालं. तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं.

आणि कामाच्या दिवशीचं. बॅटरीची लाईन तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढला आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे हात आत असताना चुकूनही कोणी परत लावणार नाही. मग दहा मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही, इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू द्या म्हणून. तुमच्याकडचा आयटीआयचा पोरगा घाई करून राहिला होता, त्याला १००० व्होल्टचे रबरी ग्लोव्ह्ज स्वतः घालून दिले, आधी हवा भरून भोक तर नाही ना ते बघितलं. २०० व्होल्ट डीसी आहे बाबा, एकदा पकडलं की सोडत नाही, असं त्याला सांगितलं तेव्हा तुमचा आवाज वेगळाच होता. वाचणाऱ्यांनो, व्हिडिओ बघून हे घरी करू नका, खरंच.

जुने मॉड्यूल भंगारवाल्याला दिले असते तर दोन पैसे मिळाले असते, तुम्ही ते वेगळे बांधून रिसायकलवाल्याकडे पाठवले, त्याची पावतीही मला दाखवली. हे कोण करते भाऊ?

आता गाडीचं सांगतो. नवतप्यात, भर दुपारी वर्धा रोडनं आईला घेऊन गेलो, एसी चालू, आणि मागचा फॅन ऐकूच आला नाही. सिग्नलला इंजिन बंद होते, पिकअप पहिल्यासारखा आहे, त्रिकोण परत लागला नाही. मागच्या सीटजवळची फॅनची जाळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे साफ करत राहतो, आपल्याकडची धूळ तर तुम्हाला माहीतच आहे.

बॅलन्स बोर्डची रीडिंग एकदा पावसाळ्याआधी बघून घेऊ म्हणाले होते, तर येत्या रविवारी सकाळी येतो. आई पण येणार म्हणते, तिनं तुमच्यासाठी आणि त्या पोरासाठी सांडगे करून ठेवले आहेत.