जनरेटरचा धूर कोणाच्या खिडकीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या हवेविषयी बोलताना वाहने, कारखाने आणि बांधकामांची धूळ यांची नावे लगेच घेतली जातात. दुकाने, दवाखाने, कार्यालये आणि निवासी इमारती यांच्या आवारातल्या जनरेटरचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ते अडीअडचणीला लागणारे यंत्र, म्हणून त्याच्या धुराकडेही काणाडोळा केला जातो. परंतु जिथे वीज रोज जाते, तिथे ही अडचण नित्याचीच होऊन बसते. लागोस आणि बैरूतसारख्या शहरांत सार्वजनिक वीजपुरवठ्याची उणीव वर्षानुवर्षे गल्लोगल्लीचे जनरेटरच भरून काढत आले आहेत.

धूर किती निघतो याइतकेच तो कुठे सोडला जातो याला महत्त्व आहे, आणि नेमका हाच विचार आपण करत नाही. मोठ्या वीजकेंद्राच्या चिमणीतून उंचावर सोडलेला धूर निदान खाली येईपर्यंत काहीसा विरळ होतो. जनरेटरची नळी मात्र पदपथावर, जिन्याखाली किंवा दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, म्हणजे माणसाच्या श्वासाच्या उंचीवर उघडते आणि भिंतींच्या आडोशामुळे तिथे वाराही धड पोहोचत नाही. त्यात वीज एका भागात एकाच वेळी जात असल्याने सगळी यंत्रे एकदम सुरू होतात. हवेची गुणवत्ता मोजणारी केंद्रे थोडी, तीही एकमेकांपासून दूर. त्यामुळे बोळातल्या रहिवाशांनी धुरात काढलेला तो तास सरासरीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. विजेचा लाभ एकाला आणि धूर दुसऱ्याला, ही वाटणी मला अत्यंत अन्यायाची वाटते.

हा धूर निरुपद्रवी नाही, हे केव्हाच सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असल्याने ते फुप्फुसांत खोलवर उतरतात. अशा सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी (पीएम २.५), याच संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या घरगुती यंत्रांचा धोका वेगळा आहे. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. बाल्कनीत किंवा बंद गॅरेजमध्ये असे यंत्र चालवणे थेट जिवावर बेतू शकते.

यंत्र निवडताना होणारी एक चूक इथे सांगितली पाहिजे. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेतला जातो आणि मग तो चार दिवे, दोन पंखे व एका संगणकासाठी तासन्‌तास चालतो. इतक्या कमी भारावर डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी साचते आणि प्रत्येक युनिटमागे धूर वाढतो. ‘सायलेंट’ जनरेटरविषयीही असाच गैरसमज आहे: ध्वनिरोधक पेटीने आवाज कमी होतो, धूर नाही. उलट आवाज बंद झाला की शेजाऱ्यांची तक्रारही बंद होते, आणि यंत्र खुशाल खिडकीखाली राहते.

थोड्या वेळासाठी वीज गेली, तर दिवे, पंखे आणि संगणक बॅटरीवर सहज चालतात. जनरेटर रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक ठिकाणी आणि खरोखर दीर्घकाळ वीज नसेल तेव्हाच वापरावा. इमारतीला परवानगी देतानाच धुराची नळी कुठे उघडणार, ती छतापेक्षा उंच नेली आहे का आणि शेजारच्या खिडक्यांपासून किती दूर आहे, हे नकाशात दाखवणे बंधनकारक करावे. जुन्या मोठ्या यंत्रांना कण अडवणारी गाळणी बसवून त्यांची नियमित तपासणी व्हावी. वीज वितरण करणाऱ्यांनीही कोणत्या भागात किती तास वीज नव्हती याची नोंद दरमहा जाहीर करावी आणि आरोग्य विभागाने ती त्या भागातल्या श्वसनविकारांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहावी.

आपला,
एक वाचक